रक्त पातळ करणारं औषध आणि त्याचा उतारा

'रक्त पातळ व्हायची गोळी' हे शब्द तुम्ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले असतील. खरं तर पाणी घातल्यावर वरण पातळ होतं, तसं रक्त पातळ होत नाही. ते लवकर गोठत नाही, एवढंच.

गुडघा खरचटला की रक्त गोठतं आणि जखम बंद होते. हे चांगलंच आहे. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर हृदयविकाराचा झटका येतो. मग डॉक्टर हातातून किंवा मांडीतून बारीक नळी घालून ती वाट मोकळी करतात. तेव्हा रक्त गोठू न देणारं औषध लागतंच. पण त्यामुळे दुसरीकडे रक्त वाहायला लागलं तर ते थांबता थांबत नाही! अशा वेळी औषधाचा परिणाम पटकन घालवता आला पाहिजे. आम्ही सॉफ्टवेअरवाले चुकलो की 'अनडू' दाबतो ना, तसं. याला मराठीत 'उतारा' म्हणतात. (वाचायचा उतारा वेगळा!)

1916 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याला कुत्र्याच्या यकृतात सापडला उलटाच, गोठू न देणारा! त्या कामातून पुढे हेपॅरिन हे औषध आलं. त्याचा उतारा प्रोटामीन, मूळचा सॅमन माशापासून मिळवलेला. तो हेपॅरिनला चिकटतो आणि त्याचं काम बंद पाडतो.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी आरएनएच्या छोट्या तुकड्याचं औषध बनवलं. हा दुमडलेला तुकडा रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाला घट्ट धरून ठेवतो. उतारा म्हणजे आरएनएचाच दुसरा, त्याच्याशी जुळणारा तुकडा. जॅकेटची चेन लावावी तसे दोघं जुळतात, पहिल्याचा आकार बदलतो आणि पकड सुटते. उतारा थोडा दिला तर परिणाम थोडाच उतरतो, जास्त दिला तर जास्त.

मग रुग्णांवर मोठी चाचणी सुरू झाली. पण काही जणांना तीव्र ॲलर्जी झाली, आणि 2014 मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली. तोवर 3,232 रुग्ण तिच्यात आले होते. औषध शरीरात टिकावं म्हणून त्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेलं होतं. शास्त्रज्ञांचा संशय त्याच्यावर आहे, कारण त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी काही रुग्णांच्या रक्तात आधीपासूनच होत्या.

हृदयावरच्या अशा उपचारांत आजही जुनं हेपॅरिनच भरपूर वापरतात.