उघड्यावरचा संसार

रस्त्याच्या कडेला तीन विटांवर भात रटरटत असतो, शेजारी पोर रडत असतं, आणि आपण पदर सावरून पुढं निघतो. ‘यांना काही वाटत कसं नाही?’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्याच तोंडचं. वाटतं की नाही हे कळायला त्यांच्याजवळ तासभर बसायला हवं. आपण कुठल्या बसायला! पण चित्रपट आपल्याला बसवतो. म्हणून महिला मंडळातली एखादी दुपार अशा चित्रपटासाठी ठेवावी, असं मला वाटतं.

जयवंत दळवींची ‘चक्र’ ही मुंबईच्या झोपडपट्टीवरची कादंबरी पुष्कळजणींनी वाचली असेल. तिच्यावरचा हिंदी चित्रपट १९८१ साली आला. त्यात स्मिता पाटील उघड्यावर अंघोळ करते, असा प्रसंग आहे. न्हाणीघरच नाही, तर बाई दुसरं काय करणार? पण जाहिरातवाल्यांनी नेमकं तेच चित्र फलकांवर झळकवलं. आडोसा नसणं ही जिची अडचण, तिचाच तमाशा! स्मितालाही ते रुचलं नव्हतं. तेव्हा पाहायला बसताना आपली नजर त्या फलकाची आहे की त्या बाईच्या बाजूची, एवढं बघावं.

दुसरा, आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’. हा १९८५चा माहितीपट. इथं नटनट्या नाहीत. मुंबईच्या पदपथांवरची, झोपड्यांतली खरी माणसं आहेत. झोपड्या पाडल्या जातात, आणि सुखवस्तू मंडळी शहराच्या स्वच्छतेवर बोलतात. एक बाई तर कॅमेरा घेऊन आलेल्यांनाच फटकारते. आमची चित्रं काढून नाव तुमचं होईल, आमचं काय? दिग्दर्शकानं हे कापलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

आमच्या मंडळात तो दाखवला तेव्हा एक काकू म्हणाल्या, “अगं, पण परत गावी का जात नाहीत?” सरकारलाही १९८१च्या पावसाळ्यात तेच सुचलं होतं. पदपथांवरच्यांना हटवून आपापल्या गावी धाडायचं ठरलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही रहिवासी कोर्टात गेले. जगण्याच्या हक्कात पोटापाण्याचं साधनही येतं, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. कामाजवळ राहता आलं नाही तर कामच जातं, हो ना? पदपथावर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत हटवू नका, एवढीच सवड दिली. हे ऐकल्यावर काकू म्हणाल्या, “म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर?” मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

चित्रपट संपल्यावर लगेच चहा फिरवू नका, नाहीतर गोष्ट साड्यांवर जाते. आपल्या घरातलेच प्रश्न विचारा. पाणी कुठून, किती वाजता? पावसात चूल कशी पेटते? रात्री बाईनं कुठं जायचं? पोराला शाळेत घालताना पत्ता काय लिहायचा? २०११च्या जनगणनेत देशात सतरा लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. त्यातल्या बायकांना हे रोजचंच. बेघरांसाठी रात्रनिवारा आपल्या गावात आहे का, त्यात बायकांची वेगळी सोय आहे का, हे नगरपालिकेत विचारायला दोघीतिघींनी मिळून जावं.

आणि हो, ‘हमारा शहर’ सव्वा तासाच्या आसपासचा आहे. दुपारी दोनला सुरू केलात तर मुलं शाळेतून यायच्या आत बोलणंसुद्धा होतं.