दोन सिंहस्थांमधली जुडी

नाशिकची शेती म्हटलं की बाहेरचा माणूस द्राक्षं म्हणतो, फार तर कांदा. वर्तमानपत्रांचंही तसंच. पालेभाजीच्या जुडीची बातमी वर्षातून दोनदाच येते, एकदा ती रस्त्यावर फेकली तेव्हा आणि एकदा तिचा भाव दोनशेच्या वर गेला तेव्हा. मधल्या काळात मखमलाबाद, मातोरी, मुंगसरे, गिरणारे या पट्ट्यातल्या छोट्या मळ्यांत काय चालतं याची कुणाला पडलेली नसते. मागचा सिंहस्थ कुंभमेळा २०१५चा, पुढचा आता तोंडावर आला आहे. नाशिककर एरवीही काळ सिंहस्थावरच मोजतो, तेव्हा त्या मापाने हा मागोवा.

मळा आमचाच, मखमलाबादच्या पुढे, एकराला कमीच. वाफ्यांत कोथिंबीर, मेथी, शेपू. पाटाच्या ओलीला पुदिना. बांधावर गवती चहा, विहिरीपाशी तुळस आणि ओव्याचं झाड, कुंपणाला अडुळसा, कारण त्याला शेळी तोंड लावत नाही.

द्राक्षबागेचं वर्ष छाटणीपासून मोजता येतं, कांद्याला रोपापासून चाळीपर्यंतचा हिशेब असतो. कोथिंबिरीला असं वर्षच नाही. पेरल्यापासून पस्तीस-चाळीस दिवसांत उपटायची, मेथी त्याहून थोडी आधी. म्हणजे एका वाफ्यात वर्षाला पाच-सहा पिकं. दादाच्या शब्दांत, वर्षातून पाच-सहा वेळा बुडायची सोय.

बारा वर्षांत घरात वाद एकच राहिला. दादा भाव बघून पेरतो आणि आई दिवस बघून. आईचा नियम असा की दर आठ-दहा दिवसांनी दोन-चार वाफे पेरायचेच, बाजार काहीही म्हणो. दादाचं म्हणणं, जुडी पन्नासच्या पुढे गेली की सगळं रान कोथिंबिरीला द्यावं. अडचण अशी की तो भाव त्याच दिवशी सगळ्या तालुक्याला कळतो, सगळे एकदम पेरतात आणि चाळीस दिवसांनी सगळ्यांच्या पिकअप एकाच संध्याकाळी बाजार समितीच्या दारात उभ्या राहतात. हे दादाला कळत नाही असं नाही. तरी तो पेरतो. एकदा लागलेला जॅकपॉट माणूस विसरत नाही.

२०१५ साली पावसाने ओढ दिली होती. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला लाखोंची गर्दी होणार म्हणून गल्लीगल्लीत बांबू बांधले गेले. गर्दी अपेक्षेपेक्षा फारच कमी आली आणि बंदोबस्त मात्र पुरेपूर राहिला. भाजीचे टेम्पो नाक्यानाक्यावर अडले. शहराच्या तोंडाशी मळा असून त्या दिवशी आमची भाजी शहरात शिरली नाही. पुढे हिवाळ्यात नाशिक-नगरच्या धरणांतलं पाणी जायकवाडीला सोडण्यावरून कोर्टकज्जे झाले, आणि २०१६च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं. ज्या कुंडात काही महिन्यांपूर्वी साधू बुडी मारत होते तिथे टँकरने पाणी आणून ओतलं. त्याच वर्षी २ ऑगस्टला गोदावरीला असा पूर आला की पुराची खूण मानला जाणारा दुतोंड्या मारुती पाण्यात गेला. एप्रिलमध्ये आमचा पुदिना वाळला आणि ऑगस्टमध्ये उरलेला कुजला. पालेभाजीवाल्याचं साल कसं असतं, हे समजून घ्यायला तेवढं एक वर्ष पुरे.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण जुडीचा खरा पैसा आणि खरा घोर दोन्ही तेव्हाच. कोथिंबिरीच्या मुळाला पाणी साचलेलं चालत नाही. दोन दिवस झड लागली की पान पिवळं, तिसऱ्या दिवशी मर. म्हणून श्रावण-भाद्रपदात बाजारात माल तुटतो आणि भाव चढतो. ज्याचं रान उताराचं, निचऱ्याचं, त्याची चांदी. आमच्याकडे वाफे मोडून गादीवाफे केले ते याच बारा वर्षांत, आणि हा निर्णय दादाचा, तो मात्र शंभर टक्के बरोबर ठरला.

पेरणीचं काम आईचं. धने आख्खे पेरले तर उगवण विरळ होते. ती गोणपाटावर धने पसरते आणि जुन्या चपलेच्या तळाने हलक्या हाताने रगडते. जोर जास्त झाला तर चुरा होतो, कमी झाला तर दाणा फुटत नाही. एका धन्याच्या दोन डाळ्या नीट सुट्या झाल्या पाहिजेत, कारण त्या दोहोंतून दोन रोपं येतात. मग रात्रभर भिजवून, निथळून, सकाळी राखेत घोळून ओळीत सोडायचे. हल्ली फोडलेलं बियाणं पिशवीत तयार मिळतं. दादा ते आणतो. आई पिशवी फोडते, तळहातावर घेऊन बघते आणि न फुटलेले दाणे वेगळे काढून पुन्हा चपलेखाली घालते.

आषाढात मजुरांची अडचण हमखास. उपटायला आणि जुड्या बांधायला पेठ-हरसूलकडच्या बायका येतात, पण आवणी सुरू झाली की त्या आपल्या भातखाचरात जातात, आणि जायलाच हव्यात. त्या दिवसांत आमचं घरच जुड्या बांधतं. मुठीत मावेल त्याच्या दुप्पट घ्यायची, मुळं एका रेषेत आणायची, पिवळं पान काढायचं, दोऱ्याचा वेढा मुळाच्या वर चार बोटं. वेढा सैल राहिला तर गाडीत जुडी सुटते, करकचून आवळला तर आतला देठ काळा पडतो. मुळाची माती धुवायची, पानाला मात्र पाणी लागू द्यायचं नाही. पान ओलं राहिलं तर मुंबईत पोचेस्तोवर उबून जातं.

बाजार समितीत पालेभाजीचा लिलाव संध्याकाळी. भाव शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा. व्यापारी गाडीपाशी येतो, वरची नव्हे तर मधली जुडी उपसतो, मुळं झटकतो, नाकाशी नेतो आणि आकडा बोलतो. सगळा कारभार दोन मिनिटांचा. तोच माल रात्री मुंबईच्या वाटेला लागतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला आणि कसारा घाटाला पर्याय मिळाला. आमणेच्या पुढची कोंडी आणि खड्डे मात्र होते तिथेच आहेत. जुडीला एक तास म्हणजे काय, हे कोंडीत अडकलेल्या पिकअपवाल्याला विचारा.

हिवाळ्याचं सांगण्यासारखं थोडंच. निफाडचा पारा उतरला की सगळ्यांच्या वाफ्यांत एकदम हिरवंगार होतं, मेथीला सुंदर पान येतं आणि भाव शेकड्याला दोनशे-तीनशेवर येतो. उपटणावळ आणि गाडीभाडं त्यातून सुटत नाही. मग रोटाव्हेटर. लोक हळहळतात, रस्त्यावर ओतलेल्या भाजीचे फोटो काढतात. हळहळण्याची गरज नाही. गाडलेली मेथी रानाला खत होते आणि रस्त्यावर ओतलेली कुणालाच कामाची नाही. १ जून २०१७ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमच्याकडच्याही पोरांनी जुड्या ओतल्या होत्या. राग खरा होता, पण आईने त्या दिवशी आमची एकही जुडी उपटू दिली नाही. संप मिटेस्तोवर ती फुलावर आली, मग धन्यांसाठी ठेवली.

उन्हाळ्यात छत्तीस अंशांच्या पुढे कोथिंबीर वाढत नाही, वीतभर व्हायच्या आत तुऱ्यावर येते. तेव्हा शेडनेटवाले कमावतात. आमच्यासारख्यांना बांध वाचवतो. रसवंतीवाल्यांना पुदिना लागतो, चहाच्या टपऱ्यांना गवती चहा. त्याला लिलाव नाही, शेकडा नाही. टपरीवाला स्कूटरवर येतो, कापून घेतो, रोख देतो. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या बांधानेच घर चालवलं. वाशीचं मार्केट ११ ते १७ मे सात दिवस बंद राहिलं, मुंबईची गाडी थांबली, वाफ्यातली कोथिंबीर फुलली. त्याच दिवसांत अख्ख्या शहराला काढ्याचं वेड लागलं. तुळस, गवती चहा, अडुळसा हवा म्हणून तोंडाला रुमाल बांधलेली माणसं कुंपणापाशी उभी राहायची. अडुळशाचे पैसे घ्यायला आईला लाज वाटायची, कारण ते कुंपण होतं. दादाला वाटली नाही.

त्या गिऱ्हाइकांतली बरीचशी टिकली, कारण ती शेजारीच राहायला आली. शहर मळ्याकडे सरकतच होतं. मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात साडेसातशे एकरांच्या आसपास जमिनीवर स्मार्ट सिटीच्या हरितक्षेत्र नगररचना योजनेची आखणी झाली, तिला शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. बैठका, मोर्चे, हरकती यांत काही वर्षं गेली. योजनेने जेवढं रान घेतलं असतं त्यातलं बरंच बिनयोजनेचंच प्लॉटवाल्यांकडे जातं आहे, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. गुंठ्याचा भाव एकीकडे आणि जुडीचा एकीकडे ठेवून बघितलं तर शेती करणारा वेडाच ठरतो.

शेवटचं साल २०२५. मान्सून मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला, इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नाही. उन्हाळी वाफे मेमध्येच पाण्याखाली गेले. पाऊस दिवाळी उलटली तरी हटेना. दादाने त्या वर्षी भावाच्या मागे लागून तीनदा सगळं रान कोथिंबिरीला दिलं आणि तीनदा मोडलं. आईच्या चार-चार वाफ्यांतले अर्धे वाचले. बारा वर्षांचा हिशेब मांडला तर मोठे भाव दादाला मिळाले, पण रान टिकवलं आईच्या आठवड्याच्या पेरणीने आणि बांधाने. दादा हे मान्य करतो. पेरायच्या दिवशी विसरतो.

आता पुन्हा सिंहस्थ. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आणि नाशिकचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला. श्रावणातली कोथिंबीर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या भावाची, नेमकी त्याच आठवड्यात निघणार; ती जूनच्या चौथ्या आठवड्यात पेरावी लागेल. तेव्हा आराखडे करणाऱ्यांना आत्ताच एक विनंती. बंदोबस्ताच्या नकाशात दूध, पाणी, रुग्णवाहिका यांची वाट आखाल तेव्हा त्या ओळीत पालेभाजीची पिकअपही लिहा. संध्याकाळी चार ते सात, मळ्यापासून बाजार समितीपर्यंत, एवढी वाट पुरे. अन्नछत्रांच्या पातेल्यात पडणारी कोथिंबीर त्याच वाटेने यायची आहे.