घाटमाथ्यावरचं धारूर

उत्तरेकडून, तेलगावच्या बाजूने धारूर गाठायचं तर घाट चढावा लागतो. दक्षिणेकडून, केजच्या बाजूने आलं तर रस्ता माळामाळाने वर सरकत राहतो आणि आपण डोंगरमाथ्यावर आलो हे फारसं जाणवतही नाही. धारूरची गेली साडेचारशे वर्षं या एका फरकातून उलगडतात. बालाघाटची रांग इथे उत्तरेला तुटलेली आहे आणि दक्षिणेला पसरत गेलेली आहे. मोगली कागदपत्रांतला ‘बालाघाट’ नि ‘पायानघाट’ हा भेद, म्हणजे वरचा मुलूख आणि खालचा मुलूख, इथे डोळ्यांनी दिसतो.

पाऊसही माथ्यावर पडला की दोन वाटांनी निघून जातो. उत्तरेचं पाणी सिंदफणेतून गोदावरीला, दक्षिणेचं केजच्या बाजूने मांजरेला. मांजराही शेवटी तेलंगणच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीलाच मिळते. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. माथ्यावर काळा कातळ आणि त्यावर वीतभर मुरमाड जमीन. पाणी धरून ठेवायला इथे काहीच नाही.

पण सोळाव्या शतकात जमिनीला किंमत होती ती तिच्यावरून काय दिसतं याची. १५६५ साली दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पाडाव केला आणि लगेच ते आपापसात लढायला लागले. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान लारी याने त्या दशकाच्या अखेरीस धारूरचा किल्ला उभारला. अहमदनगरच्या निजामशाहीचा मुलूख समोर पसरलेला आणि किल्ला बरोबर दरीच्या काठावर. दऱ्या होत्या तिथे दऱ्यांचाच आधार घेतला आणि जिथे जमीन सपाट होती तिथे खंदक खणला. नगरकरांच्या उरावरच ठाणं बसलं म्हणायचं. मुर्तझा निजामशहा स्वतः चालून आला, किश्वरखान बाण लागून पडला आणि किल्ला नगरच्या हाती गेला. या विजयावरून धारूरचं नाव फतेहाबाद झालं. हेच नाव पुढे ‘फतेहाबाद धारूर’ असं मोगली नाण्यांवरही आलं. ज्या गावात बादशाही टांकसाळ चालली, त्याची त्या काळची पत वेगळी सांगायला नको.

१६३० साली दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. माणसं गावं सोडून निघाली होती आणि त्यातच शहाजहानच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या. मोगल सेनापती आझमखानाने आधी किल्ल्यालगतची पेठ लुटली आणि जानेवारी १६३१ मध्ये किल्लाही घेतला. किल्ल्यांच्या इतिहासात तोफा-बुरुजांची वर्णनं मोठ्या हौसेने लिहिली जातात. मला मात्र ही पेठ महत्त्वाची वाटते. आसपासची खेडी विरळ, जमीन हलकी, तरीही माथ्यावर लुटण्याजोगी बाजारपेठ होती, कारण खालचा आणि वरचा मुलूख इथे भेटत होता. धान्य, कापड, जनावरं या वाटेने वरखाली होत असणार. धारूरचं पोट तेव्हा शेतीपेक्षा वाटेवर भरत होतं, असं मी मानतो.

पुढे १६६६ साली, शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यानंतर, मिर्झाराजे जयसिंगांनी नेताजी पालकरांना कैद केलं ते धारूरलाच. आणि फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी हैदराबादच्या निजामाला उदगीरच्या मोहिमेत गाठलं, तेव्हा निजामाची सगळी धडपड धारूर गाठण्यासाठी चालली होती. तिथे त्याची फौज होती. तिला जाऊन मिळता आलं असतं तर त्या लढाईचा रंग कदाचित पालटला असता. मराठ्यांनी ती वाट तोडली. धारूर फार महत्त्वाचं ठरलं, असा हा बहुधा शेवटचा मोठा प्रसंग.

त्यानंतरची जवळजवळ दोन शतकं भरभर ओलांडली तरी चालेल. सरहद्दी पुसल्या गेल्या, धारूर निजामाच्या राज्याच्या पोटात आलं आणि सीमेवरच्या किल्ल्याचं काम संपलं. रेल्वे आली ती परळीपर्यंत, आणि व्यापार तिच्यामागे गेला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. धारूरला पुढे तालुक्याचा दर्जाही मिळाला. पण वाटेवर भरणारं पोट आता त्या वीतभर मुरमाड जमिनीवर भरायचं होतं.

ते किती अवघड आहे हे १९७२ च्या दुष्काळाने उघडं पाडलं. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, आणि मजुरी म्हणून मिळेल ते घ्यायचं. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पण डोंगरातल्या माणसांनी तोवर आपली हमी दुसरीकडे शोधली होती. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढत होते आणि त्यांना ऊस तोडायला माणसं हवी होती.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती पावसाळ्यात घरखर्चाला, लग्नाला, दवाखान्याला संपलेली असते, आणि मग दसरा-दिवाळी उलटली की ती फेडायला निघायचं. टायरगाडीवर किंवा ट्रकमध्ये पीठ, भांडी, अंथरुणं, लहान लेकरं, कधी शेळीसुद्धा. फडाजवळ कोपी घालायची. पहाटे अंधारात तोड सुरू होते. पुरुष ऊस तोडत पुढे जातो, बाई मागून पाचट काढत मोळ्या बांधते, आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. गावाकडे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुलं. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली, काही ठिकाणी चालली, काही ठिकाणी कागदावर राहिली. २०१९ साली विधिमंडळात सरकारनेच सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भपिशवी काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर पैसे कापले जातात. त्या आकड्यामागे हा हिशेबही आहे, हे या भागात कोणीही सांगेल.

आणि याच तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला, तेलगावला साखर कारखाना आहे. खाली माजलगाव धरण, सिंदफणेचं अडवलेलं पाणी, काळी जमीन, उभा ऊस. वर माथ्यावर कोयता. तेच पाणी, तोच घाट, आणि दोन वेगळ्या तऱ्हेची आयुष्यं. वर पडलेला पाऊस खालच्या शेताला गोड होतो, ही गोष्ट मला दर वेळी अस्वस्थ करते.

डोंगराने स्वतःहून दिलेली एक गोष्ट मात्र आहे: सीताफळ. खत नाही, ओलित नाही, कोणी लावलेलंही नाही, तरी कातळाच्या फटीतून झुडूप उगवतं. फळाच्या खवल्यांमधल्या रेषा फाकून पिवळसर झाल्या की फळाने डोळे उघडले म्हणायचं. तेव्हाच ते तोडायचं. आधी तोडलं तर अढीत घालूनही कडकच राहतं, उशीर झाला तर झाडावरच पक्षी फोडतात. बायका सकाळी लवकर डोंगरात जातात आणि पाट्या भरून रस्त्याच्या कडेला बसतात. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर-६’ नावाचं वाण काढलं, आणि २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. गर तापवला की कडवट होतो, म्हणून आंब्यासारखा तो उकळून डब्यात भरता येत नाही, थंडच ठेवावा लागतो. फळ पिकतं नेमकं दसरा-दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी. हाताशी शीतगृह नसेल तर व्यापारी पडेल भावाने माल उचलतो, आणि आठ-पंधरा दिवसांत ट्रक दारात येतो.

१७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. २६१ किलोमीटरचा हा मार्ग पुढे वडवणीवरून परळीला जाणार आहे. धारूरचा माथा त्यात नाही, रुळांनी घाट टाळला. खामगाव-पंढरपूर महामार्ग धारूरवरून गेला खरा, पण घाटातला टप्पा अरुंदच राहिला आणि रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. घाट रुंद व्हायलाच हवा. मात्र त्याआधी, किंवा निदान त्याच्याबरोबर, गर काढून गोठवून ठेवणारी दोन-चार केंद्रं माथ्यावरच्या गावांत उभी राहायला हवीत. नाहीतर रुंद झालेल्या घाटातून सगळ्यात आधी खाली उतरतील ते कोयत्यांचे ट्रक.