वजन परत आलं? लपवू नका!

आखाजीला माहेरी गेलं की आई-काकू कौतुकानं म्हणतात, "किती बारीक झालीस गं!" आणि दोन-तीन वर्षांनी तीच मंडळी कुजबुजतात, "परत भरली की!" वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या कित्येक मैत्रिणींच्या वाट्याला हे येतं. मग खापरावरची पुरणपोळी घशाखाली उतरत नाही, आणि एवढा पैसा खर्चून असं झालं म्हणून डॉक्टरांकडे जायची लाज वाटते. खरी चूक होते ती इथंच!

भगिनींनो, आधी एक समजून घ्या. 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. वजन साधारण वर्ष-दीड वर्षात सर्वांत खाली येतं. त्यानंतर थोडंफार परत येणं हे शरीराच्या स्वभावातच आहे, तो तुमचा गुन्हा नव्हे. पण ते वाढतच राहिलं, तर कारण शोधायला हवं.

बहुतेकदा ते स्वयंपाकघरातच सापडतं. भाकरी-भाजीनं लहान जठर लगेच भरतं. पण गोड चहा, शेव, जिलबी, आमरस अलगद खाली सरकतात. मुलांच्या ताटातलं उरलेलं, येता-जाता तोंडात टाकलेलं, हेही मोजा, बरं का! ताटात आधी घट्ट वरण, उसळ, अंडं किंवा पनीर संपवा, मग भाकरी घ्या. जेवताना पाणी नको. अर्ध्या तासानं घोट घोट प्या. एवढं करूनही काटा चढला, तर थायरॉइड आणि चालू औषधं तपासून घ्या. वजनासाठीची नवी इंजेक्शनं २०२५ साली भारतात आली आहेत. ती कुणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतील. शेजारणीचं ऐकून घेऊ नका.

आता दुसरी बाजू. वजन उतरलेलं आहे, पण दम लागतो, हातापायांना मुंग्या येतात? लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी पडत असेल. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहाही नको. आमच्या नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. तेव्हा प्रत्येक अशक्तपणा ऑपरेशनच्या माथी मारू नका, रक्त तपासा.

बायपास झालेल्यांनी अंगदुखीच्या गोळ्या परस्पर आणू नयेत, तंबाखू-मशेरीही सोडावी. त्यानं जोडाच्या जागी व्रण होतो. वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नका. वजन उतरल्यावर गर्भ लवकर राहतो, आणि बायपासनंतर पोटातून घ्यायच्या गोळ्यांचा भरवसा कमी. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा.

आणि ही लक्षणं दिसली, तर सकाळची वाट पाहू नका: पोटात अचानक असह्य कळ, काळी शौच, किंवा दिवसामागून दिवस उलट्या. उलट्यांपाठोपाठ चालताना तोल जाऊ लागला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. उशीर झाला तर कायमची इजा होते. "पित्त झालं असेल" म्हणून सोडा पिऊन निजू नका.

नंदुरबार, शहादा, तळोद्याहून शस्त्रक्रियेसाठी सुरत, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. परतल्यावर अंतरामुळे फेरतपासणी टळत जाते. त्यावर साधा उपाय आहे. ऑपरेशनचं नाव, तारीख आणि गोळ्यांची यादी लिहिलेला कागद पर्समध्ये ठेवा. रक्ततपासणी गावातच करून अहवाल सर्जनना पाठवा. आणि घरात एका माणसाला, नवरा असो की जाऊबाई, वरची लक्षणं समजावून ठेवा.

लोक काय, बोलतातच. तुमचं खरं वजन डॉक्टरांना तरी बिनदिक्कत सांगा!