कारंज्याचा पंप घेताना

मैत्रिणींनो, अंगणातल्या कारंज्यासाठी पंप मागितला की दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवतो, ‘हेड ६ फूट’. अहो, पण ६ फुटांवर पाणी जेमतेम पोचतं, पडत नाही! टाक्यातल्या पाण्यापासून धबधब्याच्या माथ्यापर्यंतची उंची टेपने मोजून न्या आणि तेवढ्या उंचीवर तासाला किती लिटर येईल, ते विचारा. धबधब्याची धार चांगली भरदार हवी, तर दर इंच रुंदीला तासाला साधारण ३५० लिटर धरा. छोट्या कारंज्याला एवढं कशाला?

पंप सतत बुडालेला हवा, कोरडा फिरला की जळलाच. बचत गटातल्या बायकांना मी मात्र एकच गोष्ट बजावते: अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पोरं पाण्यात हात घालणारच. आणि जाळी धुताना आधी प्लग काढा.