सिग्नलवरचा माणूस लुकलुकायला लागला की काय करायचं?

आजचा विषय अगदी रोजचा आहे: सिग्नलवर रस्ता ओलांडणं. आत्ता चालता चालता ऐकत असाल, तर एका कानातला इयरफोन काढा आणि मग ऐका. हो, खरंच!

हिरवा माणूस म्हणजे निघा, लाल माणूस म्हणजे थांबा. एवढं सगळ्यांना माहितीये. मुंबईत दादर-माहीम भागात २०२० मध्ये काही सिग्नलवर बाईची आकृती आली, पण अर्थ तोच. गोंधळ होतो तो लुकलुकण्याचा. कुठे हिरवी आकृती लुकलुकते, कुठे लाल. आपल्याला वाटतं, "अजून वेळ आहे, पळ!" खरा अर्थ उलटा आहे. जे अर्ध्या रस्त्यात आहेत, त्यांनी पलीकडे पोहोचावं. जे फुटपाथवर आहेत, त्यांनी निघूच नये.

का? तर साधा हिशोब. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस साधारण सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. रस्ता १४ मीटर रुंद असेल, तर १२ सेकंद लागतात. आता माझी आजी धरा. गुडघे दुखतात, वेग सेकंदाला ०.८ मीटर. तिला तोच रस्ता ओलांडायला साडेसतरा सेकंद हवेत. म्हणून ती सोबत असली की आधीपासून चालू असलेला हिरवा मी सोडून देते. पुढचा हिरवा लागला रे लागला की निघायचं. तिला हाताला धरून ओढायचं नाही.

दुसरी गोष्ट. हिरवा दिवा म्हणजे भिंत नव्हे, तो गाडी अडवत नाही. डावीकडे वळणाऱ्या गाड्या येतच असतात, आणि सिग्नल तोडणारी बाइकही. बस थांबली म्हणून तिच्या पुढून सरळ जाऊ नका. बसच्या कडेला थांबा, डोकावून पलीकडची लेन बघा, मग पाऊल टाका. बसआडून येणाऱ्या बाइकवाल्याला तुम्ही दिसत नसता.

मध्ये दुभाजक असेल तर तिथे परत बघा. काही ठिकाणी दोन्ही बाजूंचे सिग्नल वेगवेगळे असतात. समोरचा दिवा आपला आहे ना, याची खात्री करा. गाड्यांसाठीचे आकडे बघून अंदाज बांधू नका.

बटण असेल तर एकदाच दाबा. बटण म्हणजे फक्त नंबर लावणं. दहादा दाबलं तरी आपली पाळी लवकर येत नाही.

आणि मोबाइल? पलीकडच्या फुटपाथवर पोहोचेपर्यंत खिशात. रील कुठे पळून जात नाही.

तुमच्या घराजवळच्या सिग्नलवर हिरवा किती सेकंद टिकतो? आज मोजा, आणि घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला तेवढा वेळ पुरतो का, तेही बघा. भेटू पुढच्या भागात!