सरकारी अभियोक्ता : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

फौजदारी न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधी आलेला नाही, अशा सुशिक्षित गृहस्थासही न्यायाधीश कोण आणि आरोपीचा वकील कोण हे बरेचसे ठाऊक असते. परंतु कागदपत्रांच्या ढिगाआड बसून राज्यसंस्थेच्या वतीने बाजू मांडणारा जो सरकारी अभियोक्ता, त्याच्याविषयीची आपली कल्पना बहुधा चित्रपटांवरून आणि गाजलेल्या खटल्यांच्या वार्तांवरून बनलेली असते. या पदाचे कायद्याने ठरविलेले स्वरूप आणि गेल्या अर्धशतकात त्यात घडून आलेल्या सुधारणा ध्यानी घेतल्या, तर रूढ समजुतींपैकी निदान पाच समजुती कसोटीस उतरत नाहीत.

गैरसमज पहिला : सरकारी वकील हा पोलिसांचा वकील होय.

वस्तुस्थिती : या समजुतीचे मूळ इतिहासात आहे. जुन्या, म्हणजे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या अमलात, दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांतील खटले पुष्कळदा पोलीस खात्याचेच ‘पोलीस प्रॉसिक्यूटर’ चालवीत. ज्या खात्याने तपास करावयाचा त्याच खात्याच्या नोकराने त्या तपासाचे समर्थनही करावयाचे, अशी ती व्यवस्था होती. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात या व्यवस्थेतील दोष दाखवून अभियोगाचे काम पोलीस खात्यापासून विभक्त करावे, अशी शिफारस केली. आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेच्या कलम २५ ने, सहायक अभियोक्ता उपलब्ध नसल्याचा अपवादात्मक प्रसंग वगळता, पोलीस अधिकारी या पदास अपात्र ठरविला. तथापि कायदा बदलला म्हणून दफ्तर बदलतेच असे नाही. महाराष्ट्रात या पोलीस प्रॉसिक्यूटर मंडळींस सहायक सरकारी अभियोक्ता हे नवे नामाभिधान मिळाले, पण त्यांच्यावरील हुकमत पोलीस खात्याचीच राहिली. अखेर त्यांच्यापैकी काहींनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी १९९५ मध्ये त्या न्यायालयाने, अभियोक्त्यांचा स्वतंत्र संवर्ग आणि स्वतंत्र खाते निर्माण करून त्याचा प्रमुख थेट राज्य शासनास जबाबदार ठेवावा, असा आदेश दिला.

या विभागणीस दुसरीही बाजू आहे. पोलिसांनी अभियोक्त्यावर हुकूम चालवू नये, त्याचप्रमाणे अभियोक्त्यानेही तपास आपल्या हाती घेऊ नये. तपासान्ती दोषारोपपत्र दाखल करावयाचे की नाही, हा निर्णय तपासी अंमलदाराचा आहे. तो अभियोक्त्याच्या मतानुसारच घ्यावा, असे बंधन पोलिसांवर घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. सरला यांच्या प्रकरणी स्पष्ट केले.

गैरसमज दुसरा : आरोपीस शिक्षा मिळवून देणे हेच त्याचे कर्तव्य, आणि सुटलेला आरोपी म्हणजे त्याचा पराभव.

वस्तुस्थिती : शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या १९९९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घालून दिला आहे की, येनकेनप्रकारेण शिक्षा घडवून आणण्याची तृष्णा अभियोक्त्यास शोभत नाही, आरोपीस न्याय्यपणे मिळणारा लाभ त्याच्या वकिलाच्या नजरेतून निसटला, तर तोही न्यायालयाच्या निदर्शनास आणणे अभियोक्त्याचे काम आहे. याचा अर्थ त्याने शिथिल राहावे, असा मात्र मुळीच नाही. गुजरातमधील बेस्ट बेकरी प्रकरणी २००४ मध्ये अभियोक्त्याच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढून सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी महाराष्ट्रात करण्याचा हुकूम दिला, तो सरकार पक्ष आरोपींच्याच सोयीने वागला म्हणून. अतिरेकी उत्साह आणि बेपर्वाई हे दोन्ही या पदाशी द्रोहच होत.

ज्यांना सुधारणावादी म्हणतात, अशा परदेशांतील अभियोग कार्यालयांविषयीही ‘हे गुन्हेगारांचे कैवारी’ असा प्रवाद ऐकू येतो. अमेरिकेत जिल्हा अभियोक्ता बहुतेक राज्यांत लोकांच्या मतांनी निवडला जातो. टेक्सासमधील डॅलस येथे क्रेग वॉटकिन्स हे असे निवडून आल्यावर २००७ मध्ये त्यांनी स्वतःच्याच कार्यालयाने पूर्वी मिळविलेल्या दोषसिद्धींची फेरतपासणी करणारी एक शाखा स्थापन केली. जतन केलेल्या जैविक पुराव्याची डीएनए चाचणी करून या शाखेने अनेक निरपराध कैद्यांची सुटका घडवून आणली, आणि त्यांत सत्तावीस वर्षे कारागृहात काढलेले एक गृहस्थही होते. निरपराध मनुष्य तुरुंगात असतो तोवर खरा अपराधी मोकळा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अशा कार्यालयास गुन्हेगारांचे कैवारी म्हणणे किती अविचाराचे आहे, ते कळून येते.

गैरसमज तिसरा : वर्तमानपत्रांत झळकणारा विशेष सरकारी वकील हाच या पेशाचा नमुना.

वस्तुस्थिती : १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यामुळे उज्ज्वल निकम यांचे नाव घरोघरी पोहोचले, परंतु विशेष अभियोक्ता हा किमान दहा वर्षे वकिली केलेल्यांतून विशिष्ट खटल्यापुरता नेमला जातो. सत्र न्यायालयातील जिल्हा सरकारी वकील व अतिरिक्त सरकारी वकील यांची नेमणूक किमान सात वर्षे वकिली केलेल्यांतून, जिल्हा दंडाधिकाऱ्याने केलेल्या नामिकेवरून, ठराविक मुदतीसाठी होते. सेवेचा खरा भार मात्र सहायक सरकारी अभियोक्त्यांवर आहे. ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या स्पर्धेतून निवडले जातात आणि दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत दररोज उभे राहतात.

त्यांचा दिवस कसा जातो, ते तालुक्याच्या कोणत्याही न्यायालयात पाहावे. अकराच्या सुमारास पैरवी हवालदार मेजावर प्रकरणांची चळत आणून ठेवतो. जामीन अर्जांवर ‘से’ द्यावयाचा असतो, म्हणजे सरकार पक्षाचे म्हणणे लेखी मांडावयाचे असते, आणि त्याकरिता तपासी अंमलदाराचा अहवाल हाती यावा लागतो, जो बहुधा पुकारा होण्याच्या क्षणापर्यंत आलेला नसतो. तेवढ्यात परगावाहून आलेल्या साक्षीदारास बाकावर बसवून त्याने पोलिसांपुढे दिलेला जबाब त्यास वाचावयास द्यावयाचा, मुद्देमाल कारकुनाकडून आला की नाही ते पाहावयाचे, आणि पंच आयत्या वेळी फितूर झाला तर न्यायालयाची अनुज्ञा मागून त्याची उलटतपासणी आपणच घ्यावयाची. या सेवेत पुढे वाटा नाहीत हीही समजूत चुकीची. सहायक संचालकापासून संचालकापर्यंतची श्रेणी येथे आहे, आणि न्यायालयात प्रत्यक्ष उभा राहणारा अभियोक्ता कायद्याच्या दृष्टीने अधिवक्ताच राहतो, त्यामुळे थेट जिल्हा न्यायाधीशपदाच्या निवडीस तो पात्र असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविले आहे.

गैरसमज चौथा : सरकारने मनात आणले की खटला मागे घेता येतो.

वस्तुस्थिती : खटला मागे घेण्याचा अर्ज अभियोक्त्याने, स्वतःच्या बुद्धीने विचार करून, करावयाचा असतो, शासनाचा हुकूम आला म्हणून केवळ सही ठोकणारा अभियोक्ता आपले कर्तव्य चुकतो. त्यावर न्यायालयाची संमती ही दुसरी अट आहे. केरळ विधानसभेतील मोडतोडीचा खटला मागे घेण्यास २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, खासदार-आमदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून मागे घेता येणार नाहीत, असा निर्बंध घातला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने यात आणखी एक भर घातली : पीडित व्यक्तीस म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय अशी संमती देता येत नाही.

गैरसमज पाचवा : फिर्यादीने आपला नामांकित वकील दिला की सरकारी वकिलाची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती : सत्र न्यायालयात खटला चालविण्याचा अधिकार केवळ सरकारी अभियोक्त्याचा आहे. पीडिताचा वकील न्यायालयाच्या परवानगीने त्यास साहाय्य करू शकतो आणि पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवादही देऊ शकतो. स्वतंत्रपणे साक्षी तपासण्याची वा उलटतपासणी घेण्याची मुभा मात्र त्यास नाही. पैसेवाल्या फिर्यादीच्या सूडबुद्धीने फौजदारी न्याय चालू नये, हा या निर्बंधामागील हेतू आहे.

इतक्या सुधारणा होऊनही एक उणीव शिल्लक आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० ने राज्यासाठी आणि जिल्ह्यांसाठी अभियोग संचालनालयाची तरतूद केली. दहा वर्षे वा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप किंवा मृत्युदंड यांस पात्र अशा गुन्ह्यांच्या खटल्यांवर देखरेख ठेवणे आणि अपील करण्याविषयी अभिप्राय देणे ही कामे संचालकाकडे सोपविली. परंतु त्याच कलमान्वये हा संचालक गृहखात्याच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली राहतो, आणि पोलीस दलही त्याच खात्याच्या अखत्यारीत असते. विधी आयोगाने १९५८ मध्ये जी विभागणी सुचविली, ती न्यायालयाच्या खोलीत झाली आहे. मंत्रालयाच्या मजल्यावर ती अद्याप व्हावयाची आहे.